जोर गोळीचा की माझा?

1972 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन उचलणाऱ्या तरुणांना स्टेरॉइड, म्हणजे स्नायूंचा जोर वाढवणारं औषध, म्हणून चक्क औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तरी ते पूर्वीपेक्षा झपाट्याने जास्त वजन उचलू लागले. 2000 साली ब्रिटनमधल्या पॉवरलिफ्टरांवर असंच करून पाहिलं. पुढे त्यांतल्या काहींना खरं काय ते सांगितलं, तर त्यांचा वाढलेला जोर ओसरला. स्नायू तर तेच होते!

स्टेरॉइडसारख्या उत्तेजकांचं खरं दुखणं मला इथे दिसतं. खरोखर स्टेरॉइड घेणाऱ्याला आपली मेहनत किती आणि औषध किती, याचा हिशेब कधीच लागत नाही. औषधाशिवाय उतरायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

त्यात शरीरही साथ सोडतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखं (पुरुषी संप्रेरकासारखं) रसायन मिळू लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथी वृषणांना निरोप धाडणं थांबवतात. जिममधली मुलं म्हणतात ती ‘सायकल’, म्हणजे औषध घेण्याची एक फेरी, संपली, तरी शरीराचं स्वतःचं उत्पादन लगेच सुरू होत नाही. कधीकधी महिने जातात. अंगात त्राण नसतं, कशात मन लागत नाही, काहींच्या डोक्यात आत्महत्येचे विचारही येतात. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आई विचारते, ‘दमलास का रे?’ आणि पोरगा पुढच्या सायकलची जुळवाजुळव करत असतो, कारण इंजेक्शन घेतलं की बरं वाटतं.

काहीच न घेणारेही सुटत नाहीत. उत्तेजक चाचणीच्या यादीतल्या अव्वल खेळाडूला रोजचा एक तास आपण कुठे सापडू, हे आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर दोन वर्षांपर्यंत बंदी. लघवीचा नमुना अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत द्यायचा. (गरज आहे, मान्य. पण पहिल्यांदा सामोरं जाणाऱ्या कोवळ्या मुलीला काय वाटलं, हे कोण विचारतं?)

शिवाय अंगात काही सापडलं, तर ते कसं आलं हे खेळाडूनेच सिद्ध करायचं. पावसाळ्यात ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर भिजत सराव करणाऱ्याला खोकला होणारच. आपल्याकडच्या बऱ्याच कफ सिरपांत टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध असतं आणि ते खेळाडूंसाठीच्या प्रतिबंधित यादीत आहे. केमिस्ट म्हणतो ‘साधंच औषध आहे’, घरचे चमचा पुढे करतात, आणि हा बाटलीवरची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचत बसतो. उपचारासाठी सवलत मागता येते; पण अर्ज, डॉक्टरांची कागदपत्रं, मग मंजुरी. तोवर खोकला आपला आपणच बरा होतो.