मॅन्युअल गिअरची गाडी

मॅन्युअल गिअरची गाडी म्हणजे ज्या गाडीत कुठला गिअर कधी टाकायचा ते चालवणारा ठरवतो आणि त्यासाठी डाव्या पायाखाली क्लचचं पेडल असतं. आपल्याकडे बरीच वर्षं हिला वेगळं नावच नव्हतं, गाडी म्हटली की गिअर आलाच, ऑटोमॅटिक गाड्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे हिला मॅन्युअल म्हणायची वेळ आली. आता शोरूममध्ये दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात, ऑटोमॅटिक चालवायला सोपी हे सगळ्यांना मान्य आहे, आणि तरीही खूप जण ठरवून मॅन्युअलच घेतात. पैशाचं कारण आहेच (छोट्या गाडीत एएमटी म्हणजे स्वस्तातली ऑटोमॅटिक घ्यायची तर साधारण पन्नास हजाराच्या आसपास जास्त मोजावे लागतात, मोठ्या गाडीतल्या चांगल्या ऑटोमॅटिकला लाखाच्या वर) पण घाटरस्त्याच्या माणसाला विचाराल तर तो पैशाबद्दल नंतर बोलेल, आधी उताराबद्दल बोलेल.

गिअर लागतो कशाला

इंजिनला सगळ्या स्पीडला सारखा जोर नसतो, ते ठराविक आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पट्ट्यातच नीट खेचतं, म्हणून चाकं आणि इंजिन यांच्या मध्ये गिअरबॉक्स ठेवावा लागतो. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरला इंजिन साडेतीनेक फेरे मारतं तेव्हा गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो, पाचव्याला पाऊण फेऱ्यातच एक. म्हणजे पहिल्यात जोर भरपूर आणि पळ कमी, पाचव्यात बरोबर उलटं. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली घर्षणावर चालणारी प्लेट, पेडल दाबलं की इंजिन सुटं होतं, हळूहळू सोडलं की परत जोडलं जातं, आणि त्या मधल्या जागेला आपण हाफ क्लच म्हणतो. नवीन शिकणाऱ्याची गाडी बंद पडते ती इथेच, आणि चढावर मागे येते तीही इथेच.

क्लच सोडत सोडत रेस द्यायची, गाडीने पुढे ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा, हे एकदा जमलं की माणूस त्याचा विचार करायचं सोडून देतो. मग कानच सांगतो, इंजिनचा आवाज जड झाला की हात आपोआप खाली येतो आणि चौथ्याचा तिसरा होतो. मॅन्युअलवर प्रेम करणारी माणसं 'गाडी हातात वाटते' म्हणतात ते हेच.

थोडा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये पानार्द आणि लव्हासॉर यांनी पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर अशी मांडणी केली आणि पुढची कितीतरी वर्षं बहुतेक गाड्या त्याच धर्तीवर निघाल्या. तेव्हाचे गिअर टाकणं अवघड काम होतं, दोन चक्रांचा वेग जुळला नाही तर दाते करकरायचे, म्हणून क्लच दोनदा दाबून मध्ये रेस द्यायची, यालाच आपले जुने ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर डबल क्लच म्हणतात. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, म्हणजे वेग जुळवायचं काम गिअरबॉक्सच करायला लागला. पुढे जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि क्लचचं पेडलच गेलं, अमेरिका तेव्हापासून ऑटोमॅटिककडे वळली ती वळलीच.

आपल्याकडे जुन्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीत गिअरची दांडी स्टीअरिंगच्या खाली डाव्या हाताला असायची. मुंबईच्या काळीपिवळीत पुढच्या सीटवर बसून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना तो ड्रायव्हरचा डावा हात आठवत असेल, न बघता दांडी ओढून वर ढकलायची, आणि दांडी खाली नसल्यामुळे पुढे अजून एक माणूस मावायचा. १९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली, चार गिअर आणि दांडी दोन सीटच्या मध्ये, आणि एक अख्खी पिढी त्यावर शिकली. स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुळली ती २०१४ ला मारुतीने सेलेरिओत एएमटी दिल्यावर. गंमत अशी की एएमटी आतून मॅन्युअलच असते, तोच क्लच, तोच गिअरबॉक्स, फक्त आपला पाय आणि हात जे करायचे ते यंत्र करतं.

घाट

आता मुख्य मुद्दा. बोरघाट, कसारा, कुंभार्ली, वरंधा, आंबोली, करूळ, कुठलाही घाट घ्या, तिथे गाडी चढवण्यापेक्षा उतरवणं जास्त जोखमीचं असतं. जुने ड्रायव्हर शिकवताना पहिली गोष्ट सांगतात, ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. मला माझ्या वडिलांनी आंबोलीच्या वरच्या टोकाला गाडी थांबवून हेच सांगितलं होतं, आधी दुसरा टाक, मग ब्रेकवरचा पाय सोड. तेव्हा कारण कळलं नव्हतं.

कारण असं आहे. गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरचा पाय काढला की इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकं इंजिनला फिरवतात, आणि इंजिनच्या आतलं घर्षण आणि हवा ओढण्याचा विरोध गाडीला मागे धरून ठेवतो. गिअर जितका खालचा तितकी ही पकड जास्त. हेच सगळं काम ब्रेकवर टाकलं तर डिस्क आणि लायनर तापत जातात आणि त्यांची पकड कमी होते. शिवाय ब्रेक ऑइल उकळू शकतं, नव्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० असावा लागतो, पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि जसं जुनं होतं तसा हा आकडा खाली येतो. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, ब्रेकचं पेडल मऊ लागतं आणि खाली जातं. 'ब्रेक फेल झाले' म्हणून आपण जे वाचतो त्यात कित्येकदा ब्रेकमध्ये बिघाड नसतो, ते नुसते तापलेले असतात.

आणि यातलीच सगळ्यात वाईट सवय म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणं. डिझेल वाचतं म्हणून करतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ते खरंही नाही, गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिनचं इंधन बंद केलं जातं कारण चाकंच त्याला फिरवत असतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं इंधन जातच राहतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन तीन वेळा पाय दाबला की संपतो आणि मग पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टीअरिंगही जातं. हे घरी जो कोणी गाडी चालवतो त्याला कृपया सांगा.

ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही असं नाही. बहुतेक गाड्यांत एल (खालचा गिअर धरून ठेवणारा) किंवा मॅन्युअल मोड असतो, तो टाकून उतरलं तर तीच पकड मिळते. पण ज्याने कधी गिअर हाताळलाच नाही त्याला तो मोड कशासाठी आहे हेच माहीत नसतं, तो डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या चालवायच्या मोडमध्ये ठेवून ब्रेक दाबत दाबत खाली येतो. मॅन्युअलवाल्याला मात्र गिअरचा विचार केल्याशिवाय घाट उतरताच येत नाही.

चढतानाचा फरक वेगळा आहे. वळण पुढे दिसतंय, समोर एसटी पहिल्या दुसऱ्यावर कण्हत चाललीय, पुढे थोडा सरळ पट्टा आहे, हे सगळं ड्रायव्हरला आधी दिसतं आणि तो आधीच दुसरा टाकून इंजिन जोरात ठेवतो. साध्या ऑटोमॅटिकला रस्ता दिसत नाही, ती स्पीड आणि पायाचा दाब बघून ठरवते, म्हणजे गाडीला दम लागल्यावर. एएमटीत तर गिअर बदलताना मध्ये एक क्षण ओढ तुटते आणि मान पुढे जाते, हे नेमकं ओव्हरटेकच्या मध्यावर झालं तर जीव वर येतो. चांगली टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) किंवा आत दोन क्लच असलेली डीसीटी ऑटोमॅटिक असेल तर हा त्रास फार कमी, पण ती किंमत सगळ्यांना झेपत नाही.

बाकीची कारणं

गावाकडे दुरुस्ती हा मोठा विषय आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात मिळतोच मिळतो, ऑटोमॅटिकसाठी गाडी शहरात न्यावी लागते. बॅटरी उतरली तर मॅन्युअलला चार माणसांनी धक्का मारायचा, दुसऱ्यात क्लच सोडायचा, गाडी सुरू (बॅटरीत थोडा तरी जीव हवा). बंद पडली तर न्यूट्रल करून दोरीने ओढता येते, बहुतेक ऑटोमॅटिकना तसं लांब ओढलं तर गिअरबॉक्सला इजा होते.

ॲव्हरेजचं कारण मात्र आता जुनं झालंय. पूर्वीच्या ऑटोमॅटिक जास्त प्यायच्या, आताच्या एएमटी आणि सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) मॅन्युअलच्या बरोबरीने देतात.

लायसन्सचाही एक भाग आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलला विनागिअर आणि गिअरसह असे वेगळे वर्ग आहेत, कारला तसा फरक नाही. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर त्या लायसन्सवर मॅन्युअल चालवता येत नाही, म्हणून तिकडे राहायला गेलेले आपले लोक टेस्ट मॅन्युअलवरच देऊन टाकतात, पुढे दोन्ही चालवता येतात.

आणि आवड. यात वेगाचा संबंध नाही, आजची चांगली ऑटोमॅटिक कुठल्याही माणसापेक्षा भराभर गिअर बदलते. २०१३ ला पोर्शने ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली, ती मॅन्युअलपेक्षा वेगवान होती, तरी लोकांनी मॅन्युअल मागितलीच आणि २०१७ च्या गाडीत कंपनीने ती परत दिली. हळू का होईना पण मला करू दे, असं म्हणणारी माणसं जगभर आहेत.

शहराचं मात्र मान्य करावं लागतं. हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास क्लच दाबत सोडत गेलेल्याचा डावा गुडघा काय म्हणतो ते त्यालाच माहीत, शिवाय हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की प्लेट जळते आणि तो वास सगळ्या गाडीत पसरतो. ज्याचा रोजचा रस्ता असा आहे त्याने ऑटोमॅटिक घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांत हा सगळा प्रश्नच उरत नाही कारण मोटरला शून्यापासून जोर असतो आणि एकच गिअर पुरतो. ह्युंदाईने २०२३ च्या आयोनिक ५ एन मध्ये गिअर बदलल्याचा धक्का आणि आवाज मुद्दाम तयार करून दिलाय, म्हणजे सवय किती खोल आहे बघा. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक शिवाई निघाली, तिच्यात ना क्लच ना गिअरची ती लांब दांडी. उतारावर एक्सलेटर सोडला की मोटरच बसला धरून ठेवते आणि वर बॅटरीही चार्ज करते, दुसरा टाकायचं काम तेवढं राहिलेलं नाही.