बेटावरचा हायड्रोजन: वीज साठवायला की वीज वाहून न्यायला?

बेटावर वाऱ्याच्या विजेतून हायड्रोजन तयार केला, अशी बातमी वाचली की मी आधी एकच बघतो: त्या हायड्रोजनची वीज तिथेच परत केली, की तो बेटाबाहेर नेला? दोन्हीकडे इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र) तोच, टाक्या त्याच, म्हणून या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. हिशेब मात्र पार वेगळे आहेत.

नॉर्वेच्या पश्चिमेला उत्सिरा नावाचं बेट आहे, वस्ती जेमतेम दोनशे. २००४ मध्ये तिथे पवनचक्कीच्या वाढाव्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन टाकीत भरू लागले. वारा पडला की त्याच हायड्रोजनवर इंजिन आणि फ्युएल सेल (हायड्रोजनपासून थेट वीज करणारं यंत्र) चालवून दहा घरांना वीज द्यायची. म्हणजे रविवारचा वारा मंगळवारी वापरायचा.

यात गळती किती, ते बघा. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज आणि निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. तोच किलो फ्युएल सेलमधून परत देतो सुमारे १६ युनिट. तो किलो करायला लागलेली वीज बॅटरीत ठेवली असती तर ४५ च्या आसपास हाती आली असती. रात्रीपुरता साठा हवा असेल तर बॅटरीच घ्यावी, हे माझं ठाम मत. वारा चार-पाच दिवस पडून राहतो तिथे गोष्ट वेगळी, कारण साठा जितक्या जास्त तासांचा, तितका बॅटरीचा खर्च वाढतो. हायड्रोजनला फक्त आणखी टाक्या लागतात.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांचं दुखणं उलटं. तिथे वीज उदंड, पण ती बाहेर नेणाऱ्या केबल अपुऱ्या. ईडे बेटावरच्या गावकऱ्यांच्या मालकीच्या ९०० किलोवॅटच्या पवनचक्कीला भर वाऱ्यात थांबावं लागायचं. म्हणून तिथे इलेक्ट्रोलायझर बसवला. २०१७ मध्ये भरती-ओहोटीच्या विजेवरही त्यातून हायड्रोजन काढला. लांबट सिलिंडरांचा ट्रेलर फेरीबोटीवर चढवून कर्कवॉल बंदरात न्यायचा आणि तिथल्या फ्युएल सेलमधून धक्क्याला लागलेल्या बोटींना वीज द्यायची, म्हणजे त्यांना डिझेल जनरेटर चालवावे लागत नसत. शेजारच्या शॅपिन्से बेटाच्या प्रकल्पात हायड्रोजन गाड्यांसाठीही होता.

इथेही दोन तृतीयांश ऊर्जा वाटेत जातेच. पण ती वीज एरवी तयारच झाली नसती, म्हणून हा तोटा परवडतो. केबल मोकळी असेल तेव्हा मात्र वीज केबलनेच जावी. अडचण अशी की मग एवढं महागडं यंत्र बराच काळ नुसतं बसून राहतं.