ड्रेसिंग महाग, म्हणून जखम लवकर भरते?

‘ड्रेसिंग जितकं भारी, तितकी मधुमेहाच्या पायाची जखम लवकर भरते’, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पाय धोक्यात असला की घरचे पदरमोड करून चांदी मिसळलेलं महाग ड्रेसिंग आणतात, ते साहजिकच आहे. पण ते साध्या ड्रेसिंगपेक्षा लवकर जखम भरतं, असा भक्कम पुरावा नाही.

तळव्याची जखम बहुतेकदा दाबाने होते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला टोचलेलं कळत नाही, घट्टा जाड होतो आणि त्याखालचं मांस चेचलं जातं. वर काहीही लावा, बाथरूमपर्यंतच्या वीस पावलांत तीच जागा पुन्हा दबते. म्हणून पैसा आधी भार काढण्यावर घालावा: गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा स्वतःहून काढता न येणारा बूट. त्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासावाच लागतो. रक्त पोचत नसेल किंवा पू असेल, तर आधी त्यावर उपचार. घट्टा डॉक्टरांकडूनच काढावा, घरी ब्लेड नको.

पडताळायला दर आठवड्याला मोजपट्टीने जखमेची लांबी-रुंदी मोजा. 3 गुणिले 2, म्हणजे साधारण 6 चौरस सेंमीची जखम 4 आठवड्यांत निम्मी, म्हणजे 3 चौरस सेंमीपर्यंत आली नाही, तर ड्रेसिंग बदलण्याआधी भार, रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग आणि साखर पुन्हा तपासून घ्या.