बैकल 'आपोआप' स्वच्छ होतं?

रशियातल्या बैकल सरोवरात काहीही सोडा, ते स्वतःच शुद्ध होतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यात थोडं तथ्य आहे. एपिशुरा नावाचा जेमतेम दीड मिलिमीटरचा जीव पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. पण कारखान्याची रसायनं त्याला कशी पचणार? १९६६ मध्ये काठावर सुरू झालेला कागदाच्या लगद्याचा कारखाना थेट २०१३ मध्ये बंद पडला! शिवाय इथलं पाणी बदलायला ३०० हून जास्त वर्षं लागतात. आत गेलेलं सहजी बाहेर पडत नाही. वस्त्यांलगत सांडपाण्यावर स्पायरोगायरा नावाचं धाग्यांसारखं शेवाळ माजलंय. आणि नेर्पा, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला सील, त्याच्या चरबीत डीडीटी हे कीटकनाशकसुद्धा सापडलं आहे.