विमा सर्वांना मिळेल, पण नर्सचा दिवस बदलेल का?

खिशात पैसे नाहीत म्हणून आजारी माणसाला परत पाठवू नये, हे मान्य आहे का? कुठल्याही नर्सला विचारा, ती 'हो'च म्हणणार. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यांचं मत आजमावताना हाच 'हो' फसवा ठरतो.

तिथे खासगी विमा जेमतेम १६ टक्के लोकांकडे आहे, पण आरोग्यावरचा जवळपास निम्मा खर्च खासगी क्षेत्रात होतो. ही दरी बुजवण्यासाठी सर्वांच्या उपचारांचा खर्च देणारा एकच सरकारी निधी असावा, असा या विम्याचा प्रस्ताव २०११ साली ग्रीन पेपरमधून, म्हणजे सरकारच्या चर्चेसाठीच्या मसुद्यातून, मांडला गेला. १५ मे २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी कायद्यावर सही केली. नर्सेसच्या 'डेनोसा' संघटनेने स्वागत केलं, तर डॉक्टरांची 'सामा' संघटना कोर्टात गेली.

मतं मोजायला बहुधा रेन्सिस लायकर्ट यांची १९३२ची पद्धत वापरतात: 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच पर्याय. विधान तत्त्वाचं असेल तर खुणा 'सहमत'वर पडतात. 'माझ्या दवाखान्यात औषधं वेळेवर येतील' असं विधान ठेवलं, की तीच व्यक्ती हात आखडता घेऊ शकते. आणि सरकारी नोकरीत असताना सरकारी योजनेवर उघड टीका करणं सोपं नसतं, हेही धरायला हवं.

तिथले सरकारी दवाखाने नर्सच चालवतात. रक्तदाब, लसी, गरोदर बायका, शिवाय २०१० पासून एचआयव्हीची औषधं सुरू करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. त्याने असंख्य जीव वाचले, पण कामात भर पडली ती त्यांच्याच. नवी योजना म्हटल्यावर अशा नर्सच्या मनात आधी लांबलेली रांग आली, तर त्याला बदलाचा विरोध म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

डॉक्टरांची काळजी वेगळी. प्राथमिक उपचारांसाठी निधी माणशी ठरावीक रक्कम देणार आहे. दर तपासणीला फी मिळते तेव्हा जास्त तपासण्यांचा मोह असतो. माणशी रकमेत कमी तपासण्यांचा. रक्कम अपुरी पडली तर तोटा डॉक्टरच्या माथी.

सगळ्यात अवघड अट मात्र सरकारी दवाखान्यांपुढे आहे. निधीतून पैसे मिळायला आधी दर्जाचं प्रमाणपत्र लागेल. ज्या दवाखान्याचं छत गळतं, जिथे नर्सेसच्या जागा रिकाम्या आहेत, त्याने ते मिळवायचं कशाच्या जोरावर? प्रश्नावलीत हा प्रश्न पहिला हवा.