दाब कशासाठी? निकेलच्या ऑक्साइडचे स्फटिक

सोलापुरात कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात उभा असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असताना साधारण 150 बारचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 150 पट असतो. निकेल ऑक्साइडांचे एकल स्फटिक (सगळे अणू एकाच रचनेत बसलेला सलग तुकडा) वाढवायला बहुतेक वेळा एवढा दाब पुरतो. तरीही लँथेनम निकेलेटची (LaNiO₃) भुकटी 1957 पासून माहीत असून त्याचा मोठा स्फटिक हाती यायला 2017 उजाडले.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूईने 1902 मध्ये ज्वाळेत माणिक वाढवले ते साध्या हवेच्या दाबावर, कारण अ‍ॅल्युमिनियम 2000 अंशांवरही ऑक्सिजन सोडत नाही. निकेल सोडते. +3 चे निकेल (तीन इलेक्ट्रॉन दिलेले) तापले की +2 वर उतरते आणि वितळण्याआधीच संयुग फुटते. भोवती ऑक्सिजनचा दाब ठेवला तर ही गळती थांबते. दाब इथे चिरडायला नसतो, ऑक्सिजन आत धरून ठेवायला असतो.

म्हणून झेनॉन दिव्याचा प्रकाश आरशांनी एकवटून, जाड सफायरच्या नळीत टांगलेली, भुकटी दाबून केलेली दांडी वितळवणाऱ्या भट्ट्या आल्या. La₃Ni₂O₇ ला 15 बारच्या आसपास, La₄Ni₃O₁₀ ला 20, तर प्रासिओडिमियमच्या Pr₄Ni₃O₁₀ ला 140 बार. ऑक्सिजनच्या जोडणीला तेलाचा थेंबही चालत नाही, पेट घेते.

चूक मात्र बहुधा त्याच्या कितीतरी आधी, तराजूवर होते. लँथेनम ऑक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते. सोलापुरात मे महिन्यात जे चालून जाते ते जुलैत चालत नाही. रात्रभर 1000 अंशांवर तापवून, गार होताच तोलावे. नाहीतर लँथेनम कमी पडते आणि निकेल ऑक्साइड उरते. दांडी सच्छिद्र राहिली तर वितळलेला रस वर शोषला जातो, बुडबुडे येतात आणि वितळपट्टा, म्हणजे दांडीचा वितळलेला भाग, तुटून पडतो.

ऑक्सिजन नेमका किती बसला हे वजनावरून कळते. तुकडा हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये La₂O₃ आणि निकेल धातू उरेपर्यंत तापवायचा. La₃Ni₂O₇ मध्ये ऑक्सिजन पूर्ण 7 असेल तर वजन 6.19 टक्के घटते, 6.9 असेल तर 5.96. म्हणजे 100 मिलिग्रॅममागे फरक जेमतेम 0.23 मिलिग्रॅमचा.

2023 मध्ये याच La₃Ni₂O₇ मध्ये 80 केल्व्हिनच्या (उणे 193 अंश सेल्सिअस) जवळ अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणे, दिसली, ती दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणाऱ्या चिमट्यात 14 गिगापास्कलच्या, म्हणजे 1,40,000 बारच्या वर. हा दाब मात्र खरोखर चिरडणारा. पण स्फटिक वाढवतानाचे 15 आणि 20 बार इतके जवळ आहेत की एकाच दांडीत दोन्ही संयुगांचे थर गुंफले जातात. लाउए चित्रात (स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळणारा ठिपक्यांचा नकाशा) ठिपके स्वच्छ दिसले म्हणून तेवढ्यावर भागत नाही. हिऱ्यांमध्ये ठेवायचा तुकडा आधी एकटा, क्ष-किरणांनी त्याची पूर्ण रचना काढून तपासावाच लागतो.