माग, ठसा, पाऊल: शब्दांची पार्श्वभूमी

मराठीत ठसा उमटतो, माग लागतो. या दोन क्रियापदांतच फरक आहे. ठसा एका पावलाचा, जागच्या जागी. माग म्हणजे एकापुढे एक पडत गेलेली पावलं, कुठून कुठे गेली ते सांगणारी. ठसा घेतात, माग काढतात. ‘मागमूस’, ‘मागोवा’, ‘मागावर असणे’ हे सगळं त्यातूनच आलं.

संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’ अशी ही वाटचाल. ‘मार्ग’ शब्दाचं नातं मृगाशी सांगतात: आधी जनावर गेलं ती वाट, रस्ता नंतर. ‘मागे’ हाही याच घरातला.

पेशवाईच्या मुलखात माग ही जबाबदारीची बाब होती. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या सुमारास तिची तपशीलवार नोंद केली. चोरी झाली की गावचा राखणदार पावलांवरून चोराचा माग काढी. माग शेजारच्या गावात नेऊन तिथल्या राखणदाराची खात्री पटवली की याचं काम संपे. पुढचा शोध त्या गावाकडे. माग जिथे तुटेल त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई येई. राखणदाराच्या ऐपतीपलीकडची रक्कम सगळ्या गावाकडून वसूल होई. म्हणजे शिवेवरचं एक अस्पष्ट पाऊल गावाला चांगलंच महागात पडे. खडक, ओढ्याचं पाणी, बाजाराची वर्दळ, गुरांचे खूर यांत माग हरवू शकतो.

जंगलात जनावराच्या ठशाला आज ‘पगमार्क’ म्हणतात. हिंदीतला ‘पग’ इंग्रज शिकाऱ्यांनी उचलला आणि तो ‘मार्क’ घेऊन परत आला. ओडिशात वनाधिकारी सरोज राज चौधरींनी १९६६मध्ये ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. ठशावर काच धरून मागच्या डाव्या पंजाची आकृती उतरवायची. नराचा ठसा चौकोनाकडे झुकतो, मादीचा लांबट. १९७२ची देशव्यापी गणना याच रीतीने झाली. अडचण मातीची होती. ओल्या चिखलात पंजा फाकतो, ठसा मोठा दिसतो. बारीक धुळीच्या पातळ थरात तो नेमका उमटतो. त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती राही. २००६पासून भर कॅमेऱ्यांवर आला, पण ताजा माग ओळखणाऱ्या वनरक्षकाची नजर आजही तितकीच मोलाची आहे.

‘पदवी’चाही मूळ अर्थ वाट, माग. पुढे तो स्थान, दर्जा असा सरकला आणि विद्यापीठात पोचला.

‘पाऊल’ मात्र घरात राहिलं. गौरी आणताना उंबऱ्यापासून आत पावलं काढतात. मूठ मिटून तिची करंगळीकडची कड कुंकवाच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवायची आणि आत तोंड करून जमिनीवर टेकवायची. उजव्या मुठीने उजवं पाऊल होतं, डाव्या मुठीने डावं. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. अंगठ्याचा मोठा ठिपका दोन्ही पावलांत आतल्या बाजूला. घाईत एकच मूठ वापरली, की गौर दोन उजव्या पायांनी घरात येते.